गाडी म्हणजे मोकळं रान नव्हे
अमेरिकेत गाडीच्या झडतीला वॉरंट लागतच नाही, असं सरसकट म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. १९२५ च्या, म्हणजे तिथल्या दारूबंदीच्या काळातल्या, कॅरल खटल्यात दारू सीटच्या गादीत दडवलेली होती. गाडी वॉरंट येईपर्यंत थांबत नाही, म्हणून ठोस कारण असेल तर झडती चालेल, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. ठोस कारण हं, पोलिसाला आलेली नुसती शंका नव्हे! २००९ च्या गँट खटल्यात तर लायसन्स निलंबित असताना गाडी चालवली म्हणून अटक. माणूस बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत, आणि इकडे त्याच्या गाडीतलं जॅकेट चाचपताहेत. कोकेन सापडलं, तरी झडती बेकायदाच ठरली, कारण तो गाडीपर्यंत पोचूच शकत नव्हता आणि लायसन्सच्या गुन्ह्याचा पुरावा गाडीत मिळण्यासारखा नव्हता. अर्थात, पोलिसाने "डिकी बघू का जरा?" म्हटल्यावर चालक स्वतःच हो म्हणाला, तर वॉरंटचा विषयच संपला.