बंड्याची आई, वर्ग 30

माझ्या आईचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. पोस्टमन, दूधवाला, गॅसवाला, सगळ्यांच्या लेखी ती 'बंड्याची आई'. बंड्या मी. वय 44, टक्कल पडलंय, तरी बंड्याच. त्यामुळे तिनं मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणी विकायला घेतली तेव्हा पुडीवरही तेच नाव गेलं. ब्रँड-बिंड हे शब्द तेव्हा साताऱ्यात आमच्या पेठेपर्यंत पोचले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी एसटी स्टँडजवळच्या दुकानात तशाच पिवळ्या पिशवीत 'बंडूची आई' दिसली. आईनं ती पिशवी विकत आणून भाजणी चाखली. म्हणाली, "हा बंडू कोण ते मला माहीत नाही, पण त्याच्या आईला धणे भाजता येत नाहीत." दुसऱ्या दिवशी आम्ही वकीलबाईंकडे.

वकीलबाई म्हणजे आईच्या भिशीतल्या मैत्रिणीची मुलगी. तिनं समजावलं की ट्रेडमार्कचा अर्ज दोन तऱ्हांनी करता येतो. एक, हे नाव पुढे वापरणार आहोत. दुसरा, अमुक तारखेपासून वापरतोच आहोत. दुसऱ्यात जुनेपणाचं वजन मिळतं, पण वापराचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि त्याला पुरावे जोडावे लागतात.

"आजी, पहिली पुडी कधी विकलीत?"

"बंड्याच्या मुंजीच्या वर्षी."

"तारीख?"

"आंबे होते."

माझी मुंज 1989 ची. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. एकदा लिहिलेली तारीख मागून बदलता येत नाही, तेव्हा कागद बोलेल तेवढंच लिहायचं, असं तिचं म्हणणं. आणि कागद कसा हवा? नाव, माल आणि तारीख, तिन्ही एकत्र दिसले तर उत्तम.

आमच्याकडे तिन्ही होतं. फक्त वाटण्या झालेल्या भावांसारखं, एका छपराखाली कुठंच नव्हतं. जुन्या लेबलावर नाव होतं, माल होता, तारीख नव्हती. छापखान्याच्या 1996 च्या बिलावर तारीख होती आणि पुढे नुसतं 'लेबले, नग 1000'. कसली लेबलं, ते सांगायला छापखानेवाले आता हयात नाहीत. उरली आईची उधारीची वही. तीत 'काकू 2', 'वरच्या मजल्यावरची 1, परत, खवट म्हणे' अशा नोंदी.

"आजी, काकू 2 म्हणजे दोन काय?"

"मेतकूट! काकूंना दुसरं पचतं काय?"

मग आईनं हुकमाचं पान काढलं. इंदूरच्या मावशीचं अंतर्देशीय पत्र, पोस्टाचा शिक्का 1994 चा. त्यात स्वच्छ लिहिलेलं, 'बंड्याच्या आईच्या मेतकुटाची सर इथल्या कशाला नाही.' मी ते भर ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं.

वकीलबाई म्हणाली, "दादा, यात 'बंड्याची आई' कुठंय?"

खरंच नव्हतं. 'बंड्याच्या आईच्या' होतं. शाळेत सामान्यरूपात मला दहापैकी तीन मार्क पडले होते, त्याचा सूड इतक्या वर्षांनी उगवला. मराठी माणूस कुठलंही नाव जसंच्या तसं तोंडात ठेवत नाही, प्रत्यय लावून वाकवल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. कायद्याला मात्र नाव पुडीवर छापल्यासारखं ताठ लागतं.

"आणि मावशींनी पैसे दिले होते का? वापर व्यापारातला हवा."

सख्ख्या बहिणीकडून मेतकुटाचे पैसे! आईनं तिच्याकडे असं पाहिलं की त्या महिन्याची भिशी धोक्यात आली.

शेवटी धावून आला गणपती. माळ्यावर गल्लीतल्या मंडळाची 2003 ची स्मरणिका सापडली आणि तिच्यात पाव पान जाहिरात: 'शुभेच्छुक, बंड्याची आई गृहउद्योग. मेतकुट, गोडा मसाला, भाजणी मिळेल.' नाव प्रथमेत, माल हजर, मुखपृष्ठावर साल. मेतकुटाचा 'कु' ऱ्हस्व पडला होता, पण वकीलबाईंनी तो पोटात घातला. गंमत म्हणजे या जाहिरातीचे 151 रुपये पोरांनी दारात उभं राहून उकळले म्हणून बाबा पुढची पाच वर्षं कुरकुरत होते. प्रतिज्ञापत्रात वर्षवार उलाढालीशेजारी जाहिरात खर्चाचा रकाना आला, तिथं तेच 151 शोभून दिसले.

"म्हणजे वापर 2003 पासून," वकीलबाई म्हणाली.

आईनं बोटं मोजली. "मुंजीपासून चौदा वर्षं मी काय वनवासात होते?"

पुढचं भराभर झालं, म्हणजे सरकारी भराभर. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांकवार वर्ग पाडलेत, त्यात लोणचं वर्ग 29 मध्ये आणि मसाला वर्ग 30 मध्ये येतो हे आईला पटेना. ("लोणच्यात काय माती घालतात?") पण दर वर्गाला साडेचार हजार फी म्हटल्यावर तिनं लोणच्याचा हक्क सोडला. उद्या कुणी विचारलं हा बंड्या कोण, तर हाताशी असावं म्हणून जिवंत बंड्याचं, म्हणजे माझं, संमतिपत्र घेतलं. लेबलावर गोलातला आर आईला लगेच हवा होता, तो नोंदणीआधी छापणं गुन्हा आहे हे सांगून आवरावं लागलं. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये नाव छापून आलं, हरकतीचे चार महिने गेले, बंडूची आई फिरकली नाही. गेल्या वर्षी प्रमाणपत्र आलं आणि देवघरात अन्नपूर्णेशेजारी टेकलं. दहा वर्षांची निश्चिंती, मग नूतनीकरण.

निश्चिंती कसली! वकीलबाईंनी फोनवर सांगितलं की नोंदलेल्या मालासाठी नाव सलग पाच वर्षं वापरलं नाही, तर त्या नावाची झळ पोचणारा कुणीही अर्ज करून ते त्या मालापुरतं काढायला लावू शकतो. तेव्हा बिलं जपा.

आता माझं एक पाप सांगतो. वर्ग 30 मध्ये मसाले, पिठं, चहा, कॉफी, मध, शिवाय चक्क बर्फ येतो. वर्गाची फी एकच, मग माल कमी का लिहा, म्हणून मी हट्टानं सगळं लिहायला लावलं होतं. लग्नाच्या पंगतीत पाच जिलब्या वाढून घेणाऱ्याचं होतं तेच माझं झालं. मधाचं पुढे बघू. बर्फाचं काय?

तेव्हापासून मी बिलबुक खिशात घालून हिंडतो. गेल्या रविवारी काकू आल्या. घरात पाहुणे, फ्रीज बिघडलेला, थोडा बर्फ हवा होता.

"घेऊन जा की," आई म्हणाली.

"थांब! काकू, पाच रुपये द्या."

"बंड्या, लाज आहे का?"

"आई, पैसे घेतल्याशिवाय वापर धरत नाहीत." मी तारीख घातली, वर 'बंड्याची आई' लिहिलं, खाली 'बर्फ, ट्रे 1', आणि पावती फाडली. वकीलबाईंनी असला लुटुपुटूचा व्यापार चालत नाही असं बजावलं होतं, पण काही नसण्यापेक्षा बरं.

काकूंनी पाच रुपये मोजले, चष्मा लावून पावती वाचली आणि भांड्यात डोकावल्या.

"पावतीवर आहे खरं," त्या म्हणाल्या, "पण बर्फावर नाव कुठंय?"