मोजणीवाला

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे कोणाच्याही जमिनीचा नकाशा नाही, मी कुठल्याही सरकारी खात्यात नाही, आणि आक्षीच्या त्या माडाबद्दल माझं काहीएक मत नाही. तरी गेल्या रविवारपासून मला फोन येतायत.

गेलो होतो पक्षी बघायला. थंडीत आमच्यासारखी माणसं जातात तसा, पहाटे साडेतीनला उठून, बायकोची झोप मोडून, थर्मासात चहा भरून डोंबिवलीहून थेट अलिबागच्या पुढे आक्षीला. मला तिथे ऑयस्टरकॅचर बघायचा होता. काळापांढरा पक्षी, गाजर लावल्यासारखी लांब लालभडक चोच, ओळखायला चुकायची सोयच नाही. आक्षीला तो हिवाळ्यात सगळ्यांना दिसतो. आमच्या ग्रुपवरच्या सातवीतल्या पोराला दिसला. माझ्या भाच्याने तिथे लग्नाआधीचं फोटोशूट केलं त्यात बायकोच्या ओढणीमागे तीन आलेत, त्याला माहीतही नाही. मला पाच हिवाळे झाले, एकदाही नाही.

चूक एवढीच झाली की बाहेर गारठा होता आणि हाताला आलं ते भगव्या रंगाचं जाकीट मी चढवलं. पक्षी बघायला जाताना मातकट कपडे घालावेत हे मी नवख्यांना गेली सहा वर्षं शिकवतोय. तर भगवं जाकीट, डोक्यावर गोल टोपी, हातात वही, आणि समोर तिपाईवर लावलेला सेकंडहँड स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची दुर्बीण. आता हे चित्र कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांनी बघा.

किनाऱ्यावर सँड प्लोव्हरचा थवा बसला होता. आपल्याकडे चिखल्या म्हणतात त्यातलाच, वाळूच्याच रंगाचा, हलला तरच दिसतो. यात लहान कोणता आणि मोठा कोणता हे ओळखण्यात माझी चार वर्षं गेली, मोठ्याची चोच जरा जाड, पाय जरा लांब, आणि जरा म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. कुठे जमायला लागलं होतं तर शास्त्रज्ञांनी त्या लहानाचेच दोन करून टाकले, एक सैबेरियन आणि एक तिबेटी. म्हणजे तिथेही वाटण्याच.

डोळा लावला, फोकस धरला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कुठपर्यंत आले?"

मी मान न वळवता म्हणालो, "त्या सुरूच्या पुढे सरकलेत."

"सुरूच्या पुढं? मंजे आमच्या बाजूला?"

"हो, भरती चढली की अजून आत येतील."

"अजून आत!" थोडा वेळ शांतता. "किती?"

"साठसत्तर तरी आहेत."

"फूट?"

"नग," मी म्हणालो, आणि मग वळून बघितलं.

साठीचा माणूस, हाफपँट, उघडं अंग, एवढ्या थंडीत खांद्यावर फक्त टॉवेल, कमरेला कोयता. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट बऱ्याच दिवसांनी बस आल्यावर असतो तसा भाव होता. म्हणाला, "मोजणीवालेच ना? दोन वर्षं झाली पैसे भरून." मी हसून म्हणालो, नाही हो काका, पक्षी बघतोय, बघा तुम्हीपण. त्यांनी वाकून एक डोळा मिटला (चुकीचा, मग दुसरा मिटला) आणि बराच वेळ बघितलं.

"ह्याच्यात तर पाखरू दिसतंय."

"तेच बघायला आलोय."

"ते कळलं ओ साहेब. पण पाखराच्या आडून नक्की काय मोजताय?"

मग त्यांनी समजावलं की मागे असेच दोघं आले होते, मच्छर बघतोय म्हणाले, डबक्यातलं पाणी बाटलीत भरून नेलं, आणि पुढच्या महिन्यात ह्यांच्या माडांवर लाल रंगाने नंबर पडले. त्यामुळे पाखरूबिखरू त्यांना सांगायचं नाही. मी म्हणालो अहो मी प्रायव्हेट कंपनीत आहे, अकाउंट्सला. तर म्हणाले, "मंजे मोजायचंच काम." वर माझ्या स्कोपकडे बघून, "पण आता ईटीएस आलं, रोव्हर आला, तुम्हाला हे जुनं मशीन देऊन पाठवलं?" हे मात्र लागलं. ईएमआय चालू आहे त्याचा.

मी घाईत होतो त्याला कारण होतं. भरती चढायला लागली की वाळू बुडत जाते आणि हे पक्षी पाऊल पाऊल मागे सरत आपल्याकडे येतात, जवळून बघायचं तर तोच तासदीड तास, मग ओहोटी लागली की मैलभर पसरतात आणि नुसते ठिपके दिसतात. अॅपवर पूर्ण भरती आठ सदतीसची होती. तसं मी म्हणालो तर काका म्हणाले आज एकादशी ना, अकरा पाऊणे सव्वाआठ, तुमचं यंत्र पुढं हाय. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब मी कुठेतरी वाचला होता, पण कोणीतरी पाऊणकी म्हणून तो तोंडावर मारेल असं वाटलं नव्हतं. आणि सांगून झाल्यावर "पाच मिनटं फक्त, वाडीत येऊन जा" असं म्हणत त्यांनी माझी तिपाई स्कोपसकट खांद्यावर टाकली, नांगर टाकतात तशी, आणि चालायला लागले. मागे जाण्यावाचून उपाय काय, हप्ते माझे जातात.

वाडी सुंदर होती हो. माड, पोफळी, मधे विहीर. आणि बांधावर एक माड, जो जन्मला बहुतेक सरळ असेल पण आता कमरेतून वाकून पलीकडच्या वाडीत डोकावत होता. खोड अलीकडे, झावळ्या पलीकडे. पडणारे नारळ पलीकडे. पलीकडे चुलतभाऊ. अकरा वर्षं बोलणं नाही. जमीन अठरा गुंठे, पण भांडण ह्या एका माडाचं, आणि त्याचे नारळ वर्षाला किती तर काका म्हणाले साठसत्तर. नग.

आवाज ऐकून चुलतभाऊ आलाच. कुठल्या तरी उमेदवाराचा टीशर्ट, हातात मिश्रीची डबी. काकांकडे न बघता मला म्हणाला, "ह्यानं बोलावलं का? खाजगीत? किती ठरलं?" मी म्हणालो मी पक्षी बघायला आलोय. तो म्हणाला, "पक्षी त्याच्याच वाडीत असतात का? इकडून पण बघा." इकडून पण बघितलं. मग काकांनी स्कोप बांधाच्या दगडावर लावला आणि मला हुकूम केला, सांगा, सरळ हाय का वाकडा. मी खरंच काही न बोलता निघणार होतो, पण सवयीने डोळा लावला आणि तोंडातून गेलं, "थोडा कललाय."

"कुणाकडं?" दोघंही एकदम.

पुढची वीस मिनिटं मी लिहीत नाही. त्यात 1987 सालची वाटणी होती, एका आत्याचं लग्न होतं, एक म्हैस होती. मधेच वहिनींनी कोरा चहा आणून दिला, बांधाच्या दोन्ही बाजूंनी एकेक कप, आणि दोन्ही पिऊन संपेपर्यंत मला हलू दिलं नाही. ह्या आक्षीत शके 934चा, म्हणजे 1012चा शिलालेख आहे, मराठीतला सगळ्यात जुना मानतात तो. त्यात तरी काय आहे, तर देवीला नऊ कुवली धान्य द्यायचं. म्हणजे हजार वर्षांपूर्वी मराठी माणसाने पहिल्यांदा छिन्नी हातात धरली तीसुद्धा कोणाला किती ते पक्कं करायला, मग ह्या दोघांना मी काय बोलणार.

शेवटी मी वहीच उघडून दाखवली. पाच हिवाळ्यांच्या नोंदी, तारीख, वेळ, पक्षी, संख्या. चुलतभावाने पानं उलटली. "ह्याचा पगार कोण देतं?" कोणी नाही. "मंजे वरखर्च?" माझाच, पेट्रोलचे दीड हजार झाले आजचे. हे ऐकल्यावर अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला त्या नजरेचा अजून राग आहे. मोजणीवाला होतो तोवर साहेब होतो, पक्षी बघणारा निघालो तर एकदम दोन्ही वाड्यांची दया.

"कुठलं पाखरू पायजे होतं तुम्हाला?" काका एकदम मऊ आवाजात. मी वर्णन केलं. काळंपांढरं, लाल चोच.

"तो? कालवं फोडून खातो तो? तो तर तुमच्या पाठीमागंच चालत होता की. मी हाक मारली तसा उडाला. मला वाटलं तुमचाच हाय."

परत किनाऱ्यावर आलो तेव्हा सव्वानऊ झाले होते, पाणी उतरायला लागलं होतं, आणि एक पांढरी एसयूव्ही ओल्या वाळूवर गोल गोल फिरत होती. खिडकीतून अर्धा बाहेर आलेला मुलगा व्हिडिओ काढत होता आणि गाडी मुद्दाम थव्यात घालत होते, पक्षी उडतात ते छान दिसतं म्हणे. मी ओरडलो. त्यांनी हात हलवला. 2022 साली बार-टेल्ड गॉडविट नावाचा एक पक्षी अलास्कातून निघाला तो न थांबता, न खाता 11 दिवसांत 13,560 किलोमीटर उडून टास्मानियात उतरला, पिल्लू होतं ते, पाचेक महिन्यांचं. त्याचे भाऊबंद आपल्या किनाऱ्यावर थंडीत येतात, परतीच्या प्रवासाची चरबी साठवायला, आणि इथे पोटात दोन किडे गेले की तिसऱ्या घासाला कोणीतरी रील काढायला येतं. मांडव्याच्या बोटीवर तेच, तिबेट-लडाखकडून आलेल्या कुरवांना, म्हणजे सीगलना, माणसं मसाला शेव घालतात आणि वर म्हणतात बघा कसे माणसाळलेत. माणसाळले नाहीत, आपल्यासारखे ॲसिडिटीला लागलेत. असो. आता ह्यावर बोलायला लागलो की घरचे उठून जातात.

ह्या रविवारी म्हणून कुठेच गेलो नाही, घरच्या बाल्कनीतूनच पंधरा मिनिटं मोजले. कबुतरं 41, कावळे 6, तांबट 1 (नुसता आवाज, टुक टुक), आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू, ज्यांनी माझी दुर्बीण बघून खाडकन पडदा ओढला. त्यांना कोण समजावणार की त्यांच्या एसीवर दयाळ बसला होता. बायको म्हणाली, त्यापेक्षा तुझं ते आक्षी बरं.

नंबर मी दिला नव्हता, वहीच्या पहिल्या पानावर होता. आधी काकांचा फोन आला, मग चुलतभावाचा, दोघांचं म्हणणं एकच. सरकारी मोजणी येईल तेव्हा येईल, तोवर आपापसात एकदा टेप लावून बघू, एक टोक तो धरील, एक मी, पण मधे आकडा वाचायला तिसरा कोणीतरी पाहिजे, आणि गावातला माणूस कोणाचा ना कोणाचा असतोच. तुम्ही कोणाचेच नाही. मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. दोनदा.

आज सकाळी काकांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. हललेला, तिरपा, अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा. पण वाळूवर काहीतरी काळंपांढरं उभं आहे आणि पुढे लाल चोच आहे. खाली लिहिलंय, "रोज येतो. येताना टेप आणा, शंभर फुटी."

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे शंभर फुटी साडेचारशेला आहे. नुसतं विचारून ठेवलंय.