पट्टी कोणाची धरायची?

रविवारी चर्चमधली उपासना सुटली की आमचा कट्टा भरतो. या खेपेला विषय आणला बाळ्यानं, तोही तोंड पाडून. पोरांनी महिनाभर खपून नवं गीत बसवलं होतं. गिटार, ड्रम, पडद्यावर शब्द, सगळा जामानिमा. ध्रुवपद आलं आणि मंडळी गप्प. पोरं गातायत, बाकीचे बघतायत.

"जुनी खोडं सगळी," बाळ्या म्हणाला. "पेटी-तबल्यापलीकडे काही नकोच यांना."

"खोडं म्हणजे मीच की," मास्तर म्हणाले. "म्हण बघू पहिली ओळ."

बाळ्यानं म्हटली. चाल कुठल्याशा इंग्रजी गाण्याची, शब्द मागाहून बसवलेले. 'देवाच्या' शब्दातला 'देवा' झटक्यात संपला आणि सगळ्यात लांब, सगळ्यात उंच सूर पडला 'च्या'वर. देवा-च्याऽऽऽ.

अण्णा खो खो हसले. अण्णा वारकरी, पण कट्ट्याचे जुने सभासद. "देवापेक्षा हा 'च्या'च मोठा दिसतोय रे!"

मास्तरांना तेवढंच हवं होतं. "अरे, आपल्या भाषेला तिचा हिशोब आहे. मोठा अभंग घे. सहा, सहा, सहा, चार अक्षरं. शब्द ओढावा लागत नाही, आपसूक बसतो. फादर स्टीफन्स इंग्लंडचा माणूस, १५७९ साली गोव्यात उतरला. १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओवीत! दहा हजारांच्या वर ओव्या. त्या परक्याला जे कळलं ते तुला कळू नये?"

"त्यानं तेव्हा नवंच केलं ना मग?" बाळ्याही काही कच्चा नाही. "आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक? १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि भजनं, अभंग लिहीत सुटले. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून देवाचा दरबार मांडला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही आत या म्हणाले. आज तुम्ही ज्याला जुनं म्हणून कवटाळता, ती त्या काळची गिटारच होती."

हे मला पटलं. मास्तरांनाही पटलं असावं, कारण ते चष्मा पुसू लागले.

कट्ट्यावरच्या कॅथलिक वसईकरानं मध्येच त्यांच्या चर्चची व्हॅटिकनची परिषद काढली. १९६३ साली लोकभाषेला आणि लोकसंगीताला दार उघडलं, लॅटिन मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, मागे पडली वगैरे. "पण भाषा बदलली तरी गाणारे पुढे आणि आम्ही मागे ते मागेच," असंही त्यानंच कबूल केलं. ते तिथेच राहिलं, कारण तेवढ्यात सिस्टर बोलल्या. (सिस्टर म्हणजे नर्स, नन नव्हे.)

"आपलं आपलं म्हणताय, ते कुणाचं?" त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांना टाळ नको असायचा. ज्या देवळाच्या पायरीवरून हाकललं, तिथलाच टाळ परत हातात कशाला, म्हणायचे. चर्चचा ऑर्गन त्यांना आपला वाटायचा. तिथे पहिल्या बाकावर बसायला मिळालं होतं."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. मिशनरी लोकांनी परकं संगीत लादलं असं आपण सरसकट बोलून जातो, पण कोणासाठी तरी तो ऑर्गन मोकळ्या हवेसारखा होता.

बराच वेळानं अण्णाच म्हणाले, "मी सांगू का? नाताळच्या फेरीत मी तुमच्याबरोबर चालतो, कारण पुढचा एक ओळ म्हणतो आणि मागून मला ती म्हणता येते. पाठ नसली तरी. तुमच्या मैदानावरच्या गाण्याच्या कार्यक्रमालाही आलो होतो. खुर्चीत बसलो, टाळ्या वाजवल्या, घरी गेलो."

मला सकाळचं आठवलं. माझ्या शेजारी बाकावर एक आजी होत्या. पडदा त्यांना वाचता येत नाही, आणि आला तरी ओळ लागेपर्यंत पुढची येते. तरी त्यांनी दोनदा सूर लावून पाहिला. बाळ्यानं धरलेली सुराची पट्टी इतकी वर की तिसऱ्यांदा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि नुसत्या मान डोलवत राहिल्या. त्यांना गिटारचा राग नव्हता. गाण्यात शिरायला फट नव्हती. जुन्या भजनातही पेटीवाला स्वतःच्याच गळ्याची पट्टी धरतो तेव्हा हेच होतं, फक्त तिथे कोणी बोलत नाही.

मी हे सांगितलं तसा बाळ्या जरा सैल झाला. "बरं. टिळकांचं एक पद घेतो, चाल नवी लावतो. एक ओळ मी, एक ओळ सगळ्यांनी. पडदा बंद. गिटार मात्र राहणार."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "पण पट्टी मी सांगणार."

"तुम्ही?" अण्णा उठून बसले. "मास्तर, गेल्या नाताळात काळी पाचची उंच पट्टी कोणी धरली होती? माझा घसा संक्रांतीपर्यंत बसला होता!"