गॅस कटिंगमध्ये लोखंड जळतंच

एका लेखात म्हटलंय की गॅस कटर लोखंड ‘वितळवून’ कापतो. तसं नाही. ज्योत फक्त कड लालभडक, साधारण ९०० अंशांपर्यंत तापवते. मग कटरचा लिव्हर दाबला की शुद्ध ऑक्सिजनच्या झोतात लोखंड चक्क जळतं आणि पुढची उष्णता बरीचशी तेच पुरवतं. जळून तयार झालेलं लोखंडाचं ऑक्साइड पोलादाच्या आधी, १३७० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून झोताबरोबर खाली उडून जातं. स्टेनलेस स्टीलचं घोडं इथेच अडतं: त्यातल्या क्रोमियमचं ऑक्साइड २००० अंशांपलीकडेही घट्ट बसून राहतं, ऑक्सिजन आत पोचतच नाही. ऑक्सिजनची शुद्धता ९९.५ टक्क्यांखाली गेली की वेग पडतो, स्लॅग (वितळलेल्या ऑक्साइडचा मळ) खालच्या कडेला चिकटतो. गंजलेली, रंगवलेली प्लेट आधी घासून घ्या. आणि ऑक्सिजन सिलिंडरच्या रेग्युलेटरला (दाब नियंत्रित करणाऱ्या भागाला) तेल-ग्रीस अजिबात नको, भडका उडतो!