‘संसदेत या शब्दांवर बंदी’: मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

‘सरकारने संसदेत जुमलाजीवी, शकुनी, तानाशाही असे शब्द बोलायला बंदी घातली, उच्चारले की खासदार निलंबित!’ जुलै 2022 मधला हा मेसेज अजूनही फिरतोय. सत्तेला जाब विचारायलाच हवा, पण चुकीचा मुद्दा धरून विचारला की समोरच्याला आयती पळवाट मिळते.

‘सरकारची बंदी.’ हे शब्द ज्या असंसदीय शब्दांच्या यादीत होते, ती लोकसभा सचिवालयाची होती. लोकसभा, राज्यसभा, राज्यांची विधिमंडळं आणि राष्ट्रकुलातल्या काही संसदांत पीठासीन अधिकाऱ्यांनी (म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींनी) जे शब्द आधीच कामकाजातून काढून टाकले, त्यांचं ते संकलन. अशी संकलनं 1954 पासून निघतात. शब्द वगळायचा की नाही, हे लोकसभेच्या नियम 380 नुसार अध्यक्षच त्या-त्या वेळी, संदर्भ बघून ठरवतात. संदर्भ सुटला की काय होतं? नाशिकचे तेव्हाचे खासदार हेमंत गोडसे यांचं आडनावच असंसदीय शब्दांत होतं. त्यांनी तक्रार केल्यावर 2015 मध्ये अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी ‘गोडसे’ यादीतून काढलं. ‘नथुराम गोडसे’ मात्र तसंच ठेवलं.

‘उच्चारले की निलंबन.’ तसं नाही. शब्द वगळला की कामकाजाच्या नोंदीत तिथे फुल्या पडतात, खाली तळटीप येते. सभागृहातल्या बोलण्यासाठी खासदाराला कोर्टातही खेचता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 105 चं संरक्षण आहे. 2022 च्याच पावसाळी अधिवेशनात 25 जुलैला काँग्रेसचे चार लोकसभा खासदार निलंबित झाले, ते फलक झळकवल्याबद्दल.

‘थेट प्रक्षेपणात सगळ्यांनी ऐकलं, मग वगळून काय फरक पडतो?’ ही मेसेजखालची ठरलेली कॉमेंट. फरक पडतो. वगळलेला मजकूर छापणं हा विशेषाधिकारभंग, म्हणजे सभागृहाच्या खास हक्कांचा भंग, ठरू शकतो. बिहार विधानसभेतलं असं भाषण छापल्याबद्दल पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राच्या संपादकांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सभागृहाची बाजू उचलून धरली.

खरी चिंतेची बाब इथे आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राहुल गांधींच्या भाषणातले अदानी आणि पंतप्रधानांच्या संबंधांवरचे अनेक उल्लेख काढले गेले. म्हणजे सुटा शब्द सोडाच, आरोपच्या आरोप नोंदीतून जातो. तरी वगळण्याचं कारण लिहून देण्याचं बंधन नियम 380 अध्यक्षांवर घालत नाही. ते घाला, ही मागणी सगळ्याच पक्षांच्या खासदारांकडे लावून धरा. अध्यक्ष आज यांचा असेल, उद्या त्यांचा.