जर्मनीत नवीन आला असाल तर पत्राचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी हे वाचा

काल रात्री ग्रुपवर पुन्हा तसाच फोटो आला. तीन पानी जर्मन पत्र, आणि खाली "कोणी सांगेल का यात काय लिहिलंय?" बघता बघता उत्तरांची रांग लागली. कोणी म्हणालं लक्ष देऊ नकोस, कोणी म्हणालं दंड आहे, भरून मोकळा हो. मी विचारलं, पाकीट कुठल्या रंगाचं होतं? पिवळं होतं म्हणे, पण फेकून दिलं.

मला रात्रभर चुटपुट लागून राहिली. पिवळ्या पाकिटातून येतं ते अधिकृत पत्र; ते पेटीत टाकताना पोस्टमन पाकिटावर त्या दिवसाची तारीख लिहितो. हरकत घ्यायची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही पत्र उघडलं त्या दिवसापासून नाही. सरकारी निर्णयाविरुद्धच्या 'विडरश्प्रुख'ला, म्हणजे लेखी हरकतीला, साधारण एक महिना मिळतो, वाहतुकीच्या दंडाला तर दोनच आठवडे. म्हणून ते पाकीट पत्राइतकंच जपून ठेवायचं.

आपल्या माणसांच्या ग्रुपबद्दल मला मनापासून माया आहे. पहिल्या हिवाळ्यात मला त्यांनीच सावरलं. पण नियम आणि मुदतीचा प्रश्न तिथे विचारू नका, हे मी आता ठासून सांगणार आहे. तिथला प्रत्येक जण स्वतःचा अनुभव सांगतो, आणि त्याचा व्हिसा, त्याचं राज्य, त्याचं वर्ष वेगळं असतं. शिवाय पत्रावर तुमचं नाव, पत्ता आणि फाइल नंबर असतो. तो शेकडो अनोळखी लोकांपुढे कशाला?

मी स्वतः हे भोगलंय. नवीन घरात आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कार्यालयात, जाऊन आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, केली. घरमालकाचं सहीचं पत्रही नेलं होतं. आता ११ आकडी कर क्रमांक पोस्टाने घरी येणार होता. तो आलाच नाही. ग्रुपवर सगळे म्हणाले, थांब, वेळ लागतो. मी थांबले. पगार झाला तेव्हा तो क्रमांक नसल्यामुळे कर सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जास्त दराने कापलेला! कारण काय, तर पत्रपेटीवर माझं नावच नव्हतं. आधीच्या भाडेकरूची पट्टी तशीच होती आणि पोस्टमन पत्र परत नेत होता. पैसे पुढे परत मिळाले, पण तो महिना कसा काढला ते मलाच ठाऊक.

हे मला कळलं सल्ला केंद्रात. स्थलांतरित प्रौढांसाठी सरकारी पैशातून चालणारी ही मोफत सेवा कारितास, डियाकोनी, आवो, रेड क्रॉस अशा संस्था चालवतात. २७ वर्षांखालच्यांसाठी वेगळी युवा केंद्रं आहेत. तिथल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घ्यायच्या आधीच विचारलं, "पेटीवर नाव लावलंय का?" हा प्रश्न ग्रुपवर एकालाही सुचला नव्हता. त्या रोज अशी माणसं बघतात, म्हणून त्यांना कळतं.

आपले शिकलेले लोक तिथे जायला लाजतात. "ते निर्वासितांसाठी असतं" असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. हे साफ चुकीचं आहे, आणि या गैरसमजाचा मला खरंच राग येतो.

घराचं भांडण असेल तर मीटरफेराइन ही भाडेकरूंची संघटना गाठा. वर्गणी भरावी लागते, पण वकिलाचा सल्ला मिळतो. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. हे ठाऊक नसल्यामुळे लोक कर्ज काढून एकरकमी भरतात. भाषेसाठी फोल्क्सहोखशूले, म्हणजे प्रौढांसाठीची सार्वजनिक शिक्षण संस्था. रात्री ताप चढला, पण जिवावरचं नाही, तर ११६११७ या डॉक्टरांच्या सेवेच्या नंबरवर फोन करा. जिवावरचं असेल तर थेट ११२.

पिवळ्या पाकिटवाल्या मुलाला मी रात्रीच फोन केला. पाकीट कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात होतं, आणि तो डबा अजून रिकामा झाला नव्हता. तो खाली जाऊन घेऊन आला. तारीख नऊ दिवसांपूर्वीची निघाली. उद्या सकाळी दोघं सल्ला केंद्रात जातोय.