तुकड्यांच्या आकारांतली विविधता एका गुणांकात मावत नाही

अधिवासांचे नकाशे हाताळणाऱ्यांमध्ये एक कृती सर्रास फिरते: "भूदृश्यातल्या अधिवासाच्या प्रत्येक सलग तुकड्याची परिमिती भागिले क्षेत्रफळ काढा आणि त्या गुणोत्तरांचा विचरण गुणांक घ्या, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी. तो जितका जास्त, तितके आकार विविध आणि अधिवास विस्कळीत." कुठलं रान राखायचं हे अशा आकड्यांवरून ठरतं, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

"हे गुणोत्तर आकार मोजतं." नाही. 100 मीटर बाजूच्या चौरसाचं गुणोत्तर 0.04 येतं, 1000 मीटर बाजूच्या चौरसाचं 0.004. आकार, म्हणजे घडण, तीच; फरक दहापट. नकाशात नुसते लहानमोठे चौरस असले तरी गुणांक भरपूर येणार! त्यापेक्षा आकार निर्देशांक घ्यावा. वन्यजीव अभ्यासक पॅटन यांनी 1975 मध्ये परिमितीची तुलना तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाशी केली होती. पिक्सेलच्या, म्हणजे छोट्या चौरस घरांनी बनलेल्या, नकाशात ती चौरसाशी करतात: परिमितीचा पाव भाग भागिले क्षेत्रफळाचं वर्गमूळ. चौरसाला 1 मिळतो.

"मग त्याचाच गुणांक पुरे." तोही पुरत नाही. चार पिक्सेल एका ओळीत मांडा, किंवा तीन ओळीत ठेवून चौथा टोकाला काटकोनात जोडा, नाहीतर मधल्याला चिकटवा. परिमिती दरवेळी 10, निर्देशांक 1.25. तीन वेगळे आकार, विचरण मात्र शून्य.

"गुणांक जास्त म्हणजे अधिवास विस्कळीत." सगळेच तुकडे सारखेच वेडेवाकडे असले तर गुणांक शून्यच येईल. विचरण वेगळं, गुंतागुंत वेगळी.

"उपग्रहाच्या नकाशावर मोजलंय, म्हणजे वस्तुनिष्ठ." मला सर्वांत जास्त खटकतो तो हा दावा. पिक्सेलना समांतर असलेला चौरस 45 अंशांत फिरवला की त्याच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि निर्देशांक 1 वरून साधारण 1.41 वर जातो. पिक्सेल कितीही बारीक केले तरी ही वाढ जात नाही. रानाची फक्त दिशा बदलली, आणि आकड्याला ते गुंतागुंतीचं वाटू लागलं.

शिवाय एकट्या पिक्सेलच्या तुकड्याला निर्देशांक 1 च मिळतो, आणि साध्या सरासरीत त्याचा भार हजार हेक्टरच्या जंगलाइतकाच धरला जातो. म्हणून क्षेत्रफळाने भारित सरासरीही द्या, सर्वांत लहान तुकडा किती धरला आणि कोपऱ्याला कोपरा लागलेले पिक्सेल जोडलेले मानले का, ते लिहा. प्रत्येक तुकड्याचा निर्देशांक त्याच्या क्षेत्रफळासमोर मांडलेला आलेखही सोबत असू द्या.